उसन्या पायांच्या प्रदक्षिणा

आनंदीबाईंचा उजवा गुडघा चातुर्मास लागला तेव्हापासूनच कुरकुरत होता. पण गुहागरच्या देवळातल्या पिंपळाला लक्ष प्रदक्षिणा घालीन, असं त्या देवापुढे बोलून बसल्या होत्या, आणि सुरुवातीचे काही दिवस स्वतः फिरल्याही होत्या. लेकीची, मालनची, दोन बाळं बाराव्याच्या आतच गेली होती. आता तिला पुन्हा दिवस होते. कार्तिकात बाळंतपण, आणि त्याआधी नेम पुरा व्हायचा, एवढं एकच आनंदीबाईंनी मनाशी घट्ट धरलं होतं.

दापोलीच्या वैद्यांनी गुडघा दाबून पाहिला. म्हणाले, "सांधा झिजलाय, बाई. झिजलेलं भरून येत नाही, उरलेलं जपता येतं. चालणं सोडू नका, पाय आखडेल. पण सपाटीवर आणि बेतानं. पाखाडीच्या पायऱ्या टाळा, उकिडवं बसू नका, दगडांवरून गरगर फिरणं तर नकोच. गरम वाळूनं शेका. बसल्या जागी पाय ताठ करून धरत जा. मांडीत बळ आलं की गुडघ्याचा भार हलका होतो."

"आणि नेम?"

वैद्य पुढच्या रोग्याकडे वळले. उत्तर निघालं ते उपाध्यायांकडे, सखारामभटांकडे. "प्रतिनिधी चालतो, काकू. संकल्प तुमचा, पाय दुसऱ्याचे. देव काय पाय बघत बसतो?" बोलताना सुपारीचा चोथा त्यांच्या ओठांच्या कडेला यायचा आणि जिभेनं ते तो पुन्हा आत ओढायचे. आनंदीबाईंनी नजर खाली घातली. पण कबूल झाल्या.

पाय मिळाले ते भिकाजीचे. खालच्या विहिरीवरून पाखाडी चढून घरोघर पाणी भरणारा हा म्हातारा ब्राह्मण. तांदूळ आणि एक नवा पंचा, असं ठरलं.

मग रोज सकाळी तो फिरायचा आणि आनंदीबाई मंडपात बसून फेरीगणिक एक कवडी या ताटातून त्या ताटात टाकायच्या. दिवस पुरा झाला की गडूत एक सुपारी. भिकाजी तपकीर ओढी, त्याच पंच्याला नाक पुशी. ओलं धोतर त्याच्या काटकुळ्या पोटऱ्यांना चिकटलेलं असे. खाकरून तो शेवाळावर थुंके आणि त्यावरूनच पाय पुढे टाकी. आनंदीबाई पदर नाकाला लावायच्या. या असल्या पुण्यावर माझ्या मालनचं बाळ जगायचं का, असं मनात यायचं आणि मग असं मनात आल्याचीच लाज वाटायची. शेवटी त्यांनी डोळे मिटून नुसत्या कानांनी मोजायला सुरुवात केली.

डोळे मिटले तेव्हा तो आवाज ऐकू आला. कट्. थोड्या वेळानं पुन्हा कट्. देवघरातून उठताना त्यांच्या गुडघ्यातून निघायचा तोच.

पिंपळामागे गेल्यावर आवाज थांबला. बराच वेळ कवडी हातातच राहिली. आनंदीबाई खांबाला धरून उठल्या आणि पाराच्या पलीकडे गेल्या. भिकाजी बुंध्याला कपाळ टेकून उभा होता. एक पाय बगळ्यासारखा उचललेला, आणि गुडघा सोललेल्या नारळाएवढा.

"दुखतो?" त्यांनी विचारलं.

"दुखायचाच, वहिनी. पण तुमचा उतरला ना? मग एकाला तरी वैद्याचा गुण आला म्हणायचं."

"तुम्ही दाखवलात का त्यांना?"

"गेल्या साली. म्हणाले, पायऱ्या टाळा. म्हटलं, विहीर वर आणून देता का? तेवढं सोडून बाकी सगळं सांगितलंनी."

आनंदीबाईंना आता खरी किळस आली, आणि ती तपकिरीची नव्हती. आपला गुडघा आपण उचलून या माणसाच्या पायात घातला होता, आणि वर त्याच्या धोतराला नाक मुरडत बसलो होतो.

त्या मंडपात परतल्या. गडू उपडा करून त्यांनी भिकाजीच्या दिवसांच्या सुपाऱ्या वेगळ्या काढल्या. आपल्या उरल्या त्या फारच थोड्या.

सखारामभट लगबगीनं आले. "काकू, हे काय? मालनचे दिवस भरत आलेत. या काढल्यात तर कार्तिकापर्यंत नेम पुरा होणं नाही."

"नाही होणार." आनंदीबाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "पाय जेवढं देतील तेवढं रोज घालीन. एक फेरी तर एक. देवाला थांबायचं असेल तर थांबेल."

"आणि या सुपाऱ्या?"

त्यांनी ओंजळ पुढे केली. "घ्या. तुम्हाला चघळायला होतील."

भटजींचं तोंड चालायचं थांबलं.

दुपारी आनंदीबाईंच्या पडवीत चुलीवरच्या कढईत वाळू तापत होती. फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी त्यांनी भिकाजीपुढे सरकवली, दुसरी स्वतःच्या गुडघ्यावर धरली. "तांदूळ ठरल्याप्रमाणे मिळतील. आणि उद्यापासून आमच्याकडे अर्धीच घागर आणा. ओझं कमी होईल."

"म्हणजे पाखाडी दुप्पट वेळा," भिकाजी म्हणाला आणि नाकाला तपकीर लावली.

आतल्या खोलीत मालन कुशीवर वळल्याचा आवाज आला. मग आनंदीबाईंनी हात पुढे करून भिकाजीच्या पुरचुंडीची गाठ सोडली. वाळू निवत चालली होती, ती पुन्हा तापायला कढईत ओतली.