दंडावरचा पट्टा

पोहण्याच्या तलावावर सगळे तिला मासोळी म्हणत. खांदा दुखावल्यापासून फिजिओताई तिच्या दंडाला पट्टा आवळून रक्त थोडं अडवत, म्हणजे हलक्या वजनानेही दंड कमावता येई. निवड चाचणी तोंडावर आलेली. ताईंची पाठ वळताच तिने पट्टा गुपचूप आणखी आवळला.

"मुंग्या येतायत?" ताईंनी विचारलं.

"नाही." ते खरंच होतं. मुंग्या मघाशीच थांबल्या होत्या. आता बोटंच जाणवत नव्हती.

ताईंनी तिचं नख दाबून सोडलं. ते पांढरंफटकच राहिलं. त्यांनी झटक्यात पट्टा काढला, तशी जीव जाईल अशी कळ आली.

"दुखतंय?"

तलावावर दुखतंय म्हणेल त्याला प्रशिक्षक घरी बसवत. मासोळी दात आवळून म्हणाली, "नाही."

ताईंनी पट्टा कपाटात टाकून कुलूप लावलं. "हो म्हणता आलं की ये."