चावी उघडी राहिली

"भांग सरळ आलाय का गं?" आईनं विचारलं.

"कुणासाठी एवढं?" थोरली म्हणाली. "टॅब्लेट मेलाय तुझा."

"मेलाय म्हणू नये. बंद आहे. अचानक लागला तर काय झिपऱ्या सोडून बसू?"

आईनं कवळी बसवली, चांगला चष्मा लावला आणि काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. ती कवळीच थोरलीच्या डोळ्यांत खुपायची. थोरलीसमोर दिवसभर बोळकं तोंड. दात मात्र परदेशातल्या धाकटीसाठी, तीही टॅब्लेटच्या काचेतली.

दूरच्या त्या मोठ्या देशाचं आणि इथल्या सरकारचं बिनसलं, त्याला आता महिना होत आला होता. गोळी झडली नाही, विमान आलं नाही. एका सकाळी दूधवाल्याकडे कुणाचं कार्ड चालेना, बँकेतून बाहेर पैसे जाईनात आणि फोनमधले परदेशातले चेहरे विझले. दारं सगळी इथली, पण कुलपं त्यांची. आणि किल्ल्यांचा जुडगा ज्या कंपनीच्या कमरेला होता, तिथेच धाकटी नोकरीला होती.

"अर्ध्या जगाचा पैसा माझ्या धाकटीच्या कंपनीतून जातो," असं आई वर्षानुवर्षं सांगत आली होती. परवा दूधवाल्यानं त्याची सव्याज परतफेड केली. "काय आजी, लेकीला सांगा की, तेवढं बटण परत दाब म्हणावं!" रांगेतले लोक हसले. आईनं पिशवी छातीशी धरली आणि दूध न घेताच वळली. थोरलीनं दूधवाल्याला चांगलं फैलावर घेतलं. पण घरी येताना आत कुठेतरी गार वाटत होतं, ते तिला स्वतःला कळत होतं.

आईच्या डोळ्यांत थेंब घालायची थोरली. दवाखाना, नखं, गुडघ्याला शेक, सगळं थोरलीकडे. तिच्या सूपला "मीठ कमी आहे". आणि धाकटीनं काचेतून नुसती पापी फेकली की "राणी गं माझी!" पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं.

थोरली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परदेशी लाइनींच्या टेबलावर होती. शेजारच्या देशाकडे जाणारी एक जुनी लाइन अजून जिवंत होती. एरवी ती कुणी वापरत नसे. रोज सकाळी फक्त तिची चाचणी व्हायची. इकडून थोरली म्हणायची, "एक, दोन, तीन." पलीकडची ऑपरेटर तेच परत म्हणायची, की झालं काम. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण टेबलावर सगळे तिला शेजारीणबाई म्हणायचे. तिच्याकडून पुढे जगात कुठेही फोन लागत होता. या महिन्यात टेबलावरच्या सगळ्यांनी आपापली माणसं जोडून घेतली होती. साहेबांनी तर जावयालासुद्धा.

राहिली होती फक्त थोरली. घरी तिनं या लाइनीचं अवाक्षर काढलं नव्हतं.

त्या दिवशी चाचणी झाल्यावर शेजारीणबाई म्हणाली, "बाई, उद्या दुपारी आमचंही टोक काढतायत. तुम्हाला लाइन दिली तर आमच्याही बँका बंद करू, असा दम आलाय वरून. तुमच्या घरचं कुणी बोलायचं राहिलंय का?"

"नाही," थोरली म्हणाली.

संध्याकाळी घरी आली, तर आई पडद्यासमोरच पेंगत होती. चाहुलीनं जागी झाली.

"तुझ्या ऑफिसात बाहेरच्या लाइनी असतात ना गं?" आई एकदम म्हणाली.

थोरलीचा हात पर्सवरच थांबला. "तुला माहीत होतं? मग विचारलं का नाहीस?"

"सांगायचं असतं तर तू सांगितलंच असतंस."

एवढंच. रागावली असती तरी बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं आईला टेबलाशी बसवलं. आई कवळी लावून आली होती.

"फोनवर दात दिसत नाहीत, आई."

"बोबडं बोलले तर तिला कळेल ना!"

आईच्या कानांवर हेडफोन चढवून थोरलीनं आपलाही लावला. लाइनीवर लक्ष ठेवणाऱ्यानं आपल्या मायकची चावी, म्हणजे खटका, बंद ठेवायची असते. इतक्या वर्षांत ती हे कधी विसरली नव्हती. आज विसरली.

"हॅलो?" धाकटीचा आवाज.

"बाळ, जेवलीस?"

"आई! अगं, कुठून बोलतेयस?"

"ताईच्या ऑफिसातून. तिचा काय रुबाब आहे म्हणून सांगू! साहेब उठून खुर्ची देतात तिला."

साहेबांनी मानसुद्धा वर केली नव्हती. थोरली आईकडे बघतच राहिली.

"आणि काल सूप काय केलं होतं..."

"झालं सुरू!" धाकटी फिसकारली. "रोज ताईपुराण! ताईचं सूप, ताईचा हात, 'ताई आहे म्हणून मी आहे' म्हणतेस. मी काय फक्त तोंड दाखवायला? आई, तुमचं सगळं बंद करायच्या त्या नोटिसा माझ्या टेबलावरून गेल्या. तुमच्या बँकेचीसुद्धा. मीच पाठवली. इथे कुणाशी बोलायची सोय नाही. आणि तू मला सूप सांगतेस!"

आई जराशी थांबली. "तू पाठवलीस होय? बरं झालं. दुसऱ्या कुणी पाठवली असती तर माझा तळतळाट लागला असता त्याला."

थोरलीला हसू आलं, त्याच्या मागोमाग डोळे भरले. तिनं नाक ओढलं.

ते पलीकडे ऐकू गेलं. "ताई? तूच ना? ऐकतेयस तू?"

चावी! थोरलीनं खाली पाहिलं. बोलायला पुष्कळ होतं. लहानपणापासूनचं साठलेलं, ओळीनं. पण तोंडातून आलं ते सवयीचंच.

"एक, दोन, तीन."

क्षणभर नुसती खरखर. मग बारीक आवाजात धाकटी म्हणाली, "एक, दोन, तीन."

"येतोय आवाज?"

"स्वच्छ येतोय, ताई."

तेवढ्यात शेजारीणबाई मध्ये कुजबुजली, "बाई, माणसं आली बरं का," आणि लाइन गेली.

परतताना बसमध्ये आईनं कवळी काढून रुमालात गुंडाळली.

"राहू दे की," थोरली म्हणाली. "जरा माझ्यासाठीही."

"टोचते गं मेली," आई बोळक्या तोंडानं म्हणाली. "तुझ्यासमोर कशाला टोचून घेऊ?" आणि तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली.

दुसऱ्या दिवशी थोरली वेळेवर टेबलाशी बसली. ती लाइन चाचणीच्या यादीतून अजून कुणी काढली नव्हती. तिनं हेडफोन लावला. "एक, दोन, तीन," म्हणाली. थांबली. पलीकडून खरखरसुद्धा आली नाही.

मग ती पुढच्या लाइनीकडे वळली. या लाइनीची चावी तेवढी तिनं तशीच उघडी ठेवली.