घट्ट बांधलेले फडके

मी एक जुने फडके आहे. बाळंतिणीचे पोट बांधायचे, चार हात लांब, सुती फडके. मित्रांनो, माझी गोष्ट मुलांपुढे सांगावी की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. अजूनही मनाची खात्री नाही. पण तुम्ही सगळे कुणाच्या तरी पोटातूनच आला आहात, तेव्हा ऐकायला हरकत नसावी.

माझा जन्म कुंडलचा. धोंडुबाईंनी नवऱ्याचे विरलेले धोतर उभे फाडले आणि त्यातून मी निघाले. त्यांची सून विजयमाला पहिल्यांदा बाळंत झाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या पोटाला गुंडाळले. तिच्या कमरेला गुडघा टेकवून त्या माझी दोन्ही टोके ओढत.

"आत्याबाई, श्वास घेता येईना."

"मग बरूबर बसलंय."

तेव्हा माझे फार कौतुक झाले. विजयमालेचे सपाट पोट पाहून गल्लीतल्या बाया मला उसने नेत. मी किती पोटे आवळली याची गणती नाही. मला त्याचा अभिमान वाटे. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

विजयमाला तीनदा बाळंत झाली. प्रत्येक वेळी सव्वा महिना पुरा व्हायच्या आत ती म्हशींसाठी उसाच्या वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून चालू लागली. डोक्यावर भारा, पोटावर मी. आतले सगळे खाली जाणार नाही तर कुठे जाईल? पण मी पडले अडाणी फडके. मला हे तेव्हा कळले नाही.

चाळिशीनंतर शिंक आली की तिला लघवी सुटू लागली. मग हसताना. मग भारा उचलताना. धोंडुबाई म्हणाल्या, "पोट सैल पडलंय तुझं. आवळून बांध." आणि मी पुन्हा ट्रंकेतून बाहेर आले.

आता सांगते ते घाण आहे. माझी खालची कड सतत ओली असे. ती मला रोज धुई, पण कुणाला दिसू नये म्हणून गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागे वाळत घाली. तिथे मी कधीच वाळले नाही. सकाळी तसेच दमट बांधून घेतले जाई. माझ्यावर बुरशीचे काळे ठिपके पडले. तिच्या कातडीवर चट्टे उठले. मला माझाच वास सोसेना.

माणसांची किळस मात्र त्याहून जास्त आली. तिचा नवरा तानाजी, पलटणीतून सुभेदार होऊन आलेला. तिला मोटारसायकलवर घेण्याआधी तो भर अंगणात सीटवर खताचे रिकामे पोते अंथरी. "बस. सीट नवी हाय," असे म्हणे. हळदीकुंकवाला ती सतरंजीवर बसली की बाया हळूच सरकत आणि पदर नाकाला लावून पेढा खात. ज्यांची पोटे मी आवळली होती, त्याच या बाया.

मग घरात ठरले, गर्भपिशवी काढून टाकायची. एका डॉक्टरने दिवाळीनंतरची तारीखही दिली. "भावकीतल्या तिघींची काढली. सुटल्या एकदाच्या," धोंडुबाई म्हणाल्या. किडका दात उपटावा तसे बोलणे चालले होते. विजयमालेला कुणी विचारले नाही. तिला भीती वाटत होती. कारण त्या तिघींतल्या राजेश्वरीने तिला एकदा कानात सांगितले होते, "पिशवी गेली, पर लघवी सुटायची ती सुटतीच."

श्रावणात ती एकटीच एसटीने सांगलीला गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासले आणि म्हणाल्या, पिशवीला काही झालेले नाही, आधी तीन महिने व्यायाम करा. व्यायाम शिकवायला पल्लवी नावाची मुलगी होती. जतकडची, मेंढरे राखणाऱ्या घरातली.

पल्लवी म्हणाली, "काकू, चारचौघांत वारा सुटू नये म्हणून कसं आवळून धरता? तसंच आतल्या आत वर ओढायचं. दहा मोजायचं आणि सोडायचं."

"अगं बया! ह्येची बी शिकवणी असती व्हय?" विजयमाला तोंडावर पदर घेऊन हसली.

महिनाभर तिने भाकरी थापताना तो व्यायाम केला. एक दिवस चुकवला नाही. तरी त्रास वाढला. ती पुन्हा सांगलीला गेली ती निरोप घ्यायलाच.

"मॅडम, उलट वाढलंय. जाऊ द्या. पिशवीच काढत्यात."

"झोपा, मला करून दाखवा," पल्लवी म्हणाली. तिने विजयमालेच्या पोटावर हात ठेवला, आणि तिच्या हाताला मी लागले.

"हे काय बांधलंय?"

"फडकं. बांधल्याबिगर जोर कसा लागंल? वझं उचलताना कंबर कसूनच उचलत्यात की."

"आणि श्वास?"

"त्यो बी धरलाय."

पल्लवीने कपाळाला हात लावला. "काकू, तेलाची पिशवी मधे आवळली तर तेल कुठं जाईल?"

"खाली."

"मग महिनाभर तुम्ही खालीच ढकलताय! वर ओढायचंय."

तिने मला सोडले. माझ्यावरचे काळे ठिपके तिने पाहिले. मला वाटले, आता ही शी म्हणणार. तिने माझी घडी घातली आणि मला बाजूला ठेवले. शी मीच म्हटले, स्वतःला. इतकी वर्षे लोकांची किळस करत होते, आणि ढकलणारे मीच होते.

त्यानंतर विजयमालेने मला बांधले नाही. श्वास सोडत आत ओढायचे, मगच भारा उचलायचा, आणि भाराही निम्मा. दोन महिने तिने हेच केले. दिवाळीत ती खळखळून हसली आणि उठून आत गेली नाही.

तारखेच्या दिवशी धोंडुबाईंनी मला धुऊन तयार ठेवले, ऑपरेशननंतर बांधायला. तानाजीने मोटारसायकल काढली.

"मी येत न्हाई," विजयमाला म्हणाली.

"अगं, तारीख घेतलीया!"

"तुमी घेतलीया. तुमीच जावा."

"आन् त्यो वास?"

"तीन आठवडं झालं, आला काय? खरं सांगा."

तानाजीने गाडी पुन्हा स्टँडला लावली.

तो शेताकडे गेल्यावर धोंडुबाईंनी दार लोटून घेतले. "विजे, त्ये वर ओढायचं कसं, मला बी सांग." त्यांनी लुगड्याच्या आत हात घातला आणि स्वतःच्या पोटाचे फडके सोडले.

"आत्याबाई! कवापास्नं?"

"तानाजीच्या येळंपास्नं."

त्या फडक्याचा वास मला आला. मी नाक मुरडायला गेले आणि थांबले.

मित्रांनो, मी आता कोनाड्यात पडून असते, कुणाच्या उपयोगाचे नाही, ते बरेच आहे. तुमच्या घरात कुणी शिंकताना पाय आवळत असेल, हसता हसता उठून जात असेल, तर नाकाला पदर लावू नका. आणखी घट्ट बांध, असेही सांगू नका. तिला शिकवणाऱ्या माणसाकडे घेऊन जा. मी हे नीट सांगितले की नाही, कोण जाणे.

त्या दिवशी दोघी भिंतीला टेकून बसल्या. विजयमाला मोजू लागली. तीनलाच धोंडुबाईंचा दम सुटला.

"असू द्या," विजयमाला म्हणाली. "परत."