कातडीसकट सॉसेज

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा! खोटं बोलत असेन तर माझी जीभ इथल्या इथे झडो.

आमच्या हिंटरग्राइनच्या आइस हॉकी संघात क्विरिन हासलाखर एकोणीस हंगाम बचावाला उभा होता. नाक इतक्यांदा मोडलेलं, की शिंक कुठल्या बाजूने येणार ते त्याचं त्यालाच कळत नसे. पण जागा पक्की, कारण संघात परदेशी खेळाडू मोजकेच चालतात. आणि एक दिवस कॅनडाहून आलेला डेल म्हणायला लागला, "माझी आजी याच गावची. म्हणजे मीही जर्मनच!" तो जर्मन ठरला, की परदेश्यांत मोजला जाणार नाही, आणि क्विरिन घरी.

"आजी म्हणे! इतके दिवस कुठे दडली होती ही आजी?" क्विरिन बर्फावरसुद्धा डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायचा. कॅनडात आजीचं नाव ग्रेस. माहेरचं आडनाव तिने मरेपर्यंत सांगितलं नव्हतं.

मॅनेजर रुप्रेश्ट म्हणाला, "गावात कुणी तिची ओळख पटवली, तर पुढचं बघू. तू जुना माणूस, तूच विचारपूस कर."

क्विरिनने डेलला रविवारी सकाळी घरी पांढऱ्या सॉसेजला बोलावलं. इथल्या आजीच्या हाताखाली वाढलेला माणूस खाताना लपत नाही, असा त्याचा हिशेब. आई वाल्बुर्गा चुलीपाशी होती. तिला यातलं काही सांगितलंच नव्हतं.

डेलने सॉसेज उचललं आणि न सोलता, कातडीसकट मटकावलं. वर भसाभसा केचप! आमच्याकडे पापच ते.

"सापडलास!" क्विरिनने टेबलावर मूठ आपटली. "इथलं शेंबडं पोरही कातडी सोलतं!"

"आजी अशीच खायची," डेल भरल्या तोंडाने म्हणाला. "त्यापायी बापाचा मार खाल्ला म्हणे, पण सोडली नाही."

वाल्बुर्गाच्या हातातला झारा पडला. "गिळताना डोळे मिटायची का रे ती?"

"हो! तुम्हाला कसं माहीत?"

"त्सेन्त्सी! माझी थोरली बहीण! कॅनडाच्या शिपायाबरोबर पळाली, ती पुन्हा दिसली नाही गं बाई!"

"आई, हळू बोल. याला कुणीतरी पढवलं असेल."

"तुझं डोकं पढव आधी! मामा लागतोस तू त्याचा. वाढ त्याला आणखी एक!"

क्विरिनने वाढलं आणि टक लावून बसला. डेलने घास गिळला. दोन्ही डोळे गच्च मिटून. अगदी वाल्बुर्गा खाताना मिटायची तसे.

सोमवारी रुप्रेश्टने विचारलं, "काय रे, ओळखलं कुणी?"

"नाही" एवढंच म्हटलं असतं, तर जागा वाचत होती. क्विरिनने नाक चोळलं, खाली बघितलं. "माझ्याच मावशीचा नातू निघाला मेला."

पुढच्या हंगामात त्या जागेवर डेल उभा होता आणि क्विरिन प्रेक्षकांत बसून घसा फोडत होता, "डावीकडे बघ गाढवा, डावीकडे!"

आता एवढं ऐकलंतच, तर सांगून टाकते. केचप नव्हतं. त्या पोराने मोहरीची गोड चटणीच घेतली होती, आम्ही सगळे घेतो तशी, अगदी रीतसर. पण मोहरी ऐकून तुम्ही दचकला असतात का?