डावीकडून लाल चमचा

"तुझे बाबा हल्ली दाराला खांदा घासत चालतात गं. एकदा डोळे दाखवून आण," आई फोनवर म्हणाली होती. माझं बाळ तेव्हा दोन महिन्यांचं. "वय झालं की होतं असं," म्हणून मी फोन ठेवला. डॉक्टरांकडे गेलो तोवर काचबिंदूने बाबांचा डावा डोळा कायमचा गेला होता.

पुढच्या वर्षी एका प्रवासात आमच्या बसचं टायर फुटलं. ड्रायव्हरने मला नि बाळाला रस्त्यालगतच्या घरात बसवलं. घर गावातल्या वडीलधाऱ्या नानांचं. गावची भांडणं त्यांच्याच पायरीवर मिटत. त्यांच्या सुनेने बाळासाठी दूध कोमट करून दिलं. नानांनी पाण्यासाठी हात पुढे केला आणि डावीकडचा पेला लवंडला.

"आजचा तिसरा," त्यांची बायको म्हणाली. "पेल्यांशी मागच्या जन्मीचं वैर आहे यांचं."

"तूच मुद्दाम आडवे ठेवतेस."

सून हसत फडकं घेऊन आली. उठताना नानांचा डावा खांदा चौकटीला घासला. अगदी बाबांसारखा. बाहेर सहा वर्षांची नात दप्तरासकट ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढत होती. तिला शाळेत रोज नानाच ट्रॅक्टरवरून सोडत.

मी परकी, घटकाभराची पाहुणी. पण एकदा दुर्लक्ष करून बसले होते.

"नाना, जरा बाळाच्या नाकाकडे बघत राहा. चमचा दिसला की सांगा."

बाळाचा लाल चमचा मी त्यांच्या उजवीकडून पुढे आणला. "दिसला." मग डावीकडून. कानापाशी, गालापाशी, जवळजवळ नाकासमोर.

"आण की पोरी."

"नाना, आणलाय ना त्यांनी," दारातून नात म्हणाली.

मी बाबांचं सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते, हेही सांगितलं. सुनेने खुंटीवरची ट्रॅक्टरची किल्ली काढून कमरेला खोचली.

"म्हणजे आता सुनेचं राज्य," नाना म्हणाले.

"आजवर कोणाचं होतं?" बायको म्हणाली. "उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी येतेय बरोबर."

नात आईचं बोट धरून शाळेत चालत गेली. बसचा हॉर्न वाजला आणि गडबडीत नंबर घ्यायचा राहिला. ते डॉक्टरकडे गेले की नाही, मला ठाऊक नाही.

तुमच्या घरी कोणाच्या हातून एकाच बाजूचा पेला सारखा लवंडत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. त्यांना समोर बसवा, एक चमचा घ्या, आणि आजच बघा.