हरभऱ्याची आंब

अंजनाच्या हातून एकच चूक झाली. तिनं फळ्यावर ‘आम्ल’ लिहिलं आणि शेजारी, मुलींना सोपं जावं म्हणून, ‘अ‍ॅसिड’ असंही लिहिलं.

पंच्याहत्तर साल होतं. नव्या अभ्यासक्रमात मुलींनाही प्रयोग करायचे होते. सांगलीहून तासगावकडच्या या गावात नुकत्याच रुजू झालेल्या अंजनाला त्याचा कोण आनंद! पण संध्याकाळपर्यंत तो शब्द गावभर झाला. आम्ल कुणाला ठाऊक नव्हतं. अ‍ॅसिड मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीतल्या अ‍ॅसिडनं एकाच्या धोतराची चाळण केलेली गावानं डोळ्यांनी पाहिली होती.

“पोरीच्या तोंडावर थेंब उडाला तर तिच्याशी लगीन कोण करील? तुमी?” हरणाबाईनं शाळेच्या दारात उभं राहून विचारलं. हरणाबाई बोलली की अर्धं गाव मान डोलावायचं. त्यात अंजना राहायला तिच्याच घरात, सोप्याला लागून असलेल्या खोलीत. हरणाबाईची रंगू नववीत होती आणि प्रयोगाचं नाव काढलं की तिचे डोळे चमकायचे. मुख्याध्यापकांनी आपलं अंग काढून घेतलं. शनिवारी पालकांची सभा, पालक नको म्हणाले तर मुली त्या तासाला शिवण करतील. रंगू दोन दिवस आईशी बोलली नाही, आणि अंजनाला घास गोड लागेना.

शनिवारी उजाडायच्या सुमारास ती परसदारी आली तर मागच्या शेतात पांढरंशुभ्र काहीतरी पसरलेलं. हरभऱ्यावर रात्री अंथरलेली, दवानं चिंब झालेली धुवट कापडाची धडपी! हरणाबाई एकेक उचलून काचेच्या बरणीत पिळत होती.

“हे काय हो, मावशी?”

“आंब. पोटात कळ आली की चमचाभर घ्यायची. सांगलीत न्हाई व्हय?” तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि एक डोळा मिटला. “औंदा लय झकास उतरलीया.”

“पितळेच्या तांब्यात का नाही पिळत?”

“भांडं खाती की ती! आन् अनवाणी फिरून बघा हरभऱ्यातनं, पाय कसं चुणचुणत्यात.”

अंजना धावतच खोलीत गेली आणि लिटमसची निळी पट्टी घेऊन आली. पट्टी आंबेत बुडवली. लालभडक! तिला नाचावंसं वाटलं. खरं तर ती थोडी नाचलीच, आणि हरणाबाई बघतच राहिली.

“मावशी, ही बरणी घेऊन सभेला या. एवढंच करा.”

सभा प्रयोगशाळेत भरली. खिडक्यांतसुद्धा माणसं. अंजनाला नुसतं उधाण आलं होतं. तिनं चिंचेचं पाणी घेतलं, पट्टी लाल. ताक घेतलं, लाल. हरणाबाईची आंब घेतली, लाल! बायका पुढं सरकू लागल्या. मग तिनं कपाटातून गंधकाम्लाची बाटली काढली. काचेची कांडी बुडवून पट्टीला टेकवली, आणि पट्टी पुन्हा लाल.

“बघा! अ‍ॅसिड हा शब्द लॅटिनमधून आला, आणि तिथं त्याचा अर्थ नुसता आंबट. आपलं आम्लही तेच, आंबट. जुन्या लोकांनी चवीवरून नाव दिलं. ही सगळी एकाच घरातली माणसं!”

“आमच्याकडं तेजाब म्हणत्यात बाई,” मागून दिलावर म्हणाला. त्याचं बॅटऱ्यांचं दुकान होतं आणि त्याची महेजबीनही नववीतच होती. “तेज म्हंजे जहाल, आब म्हंजे पानी. चवीचं नाव न्हाई त्ये, धारेचं हाय.”

“ते पण बरोबर, दिलावरभाई,” अंजना म्हणाली आणि उत्साहाच्या भरात तशीच पुढं गेली. दिलावर बिचारा आणखी काही सांगणार होता.

हरणाबाईला आता सगळं पटलं होतं. आंबच ती, फक्त शहरातली. आणि आंब कशी उतरलीय हे तिच्या घराण्यात एकाच रीतीनं बघायचे. ती उठली, “आणा बघू, कितपत आंबट हाय,” म्हणत तिनं कांडीकडं बोट नेलं. दुसऱ्या क्षणी ते जिभेवर जाणार होतं.

अंजनानं तिच्या हातावर फटका मारला. जोरात. भर सभेत, आईच्या वयाच्या बाईला, आणि जिच्या घरी राहायची तिलाच.

अंजनाच्या हातातली कांडी निसटून फरशीवर फुटली. एक थेंब हरणाबाईच्या पदरावर पडला. सगळ्यांच्या देखत तिथलं सूत काळं पडलं आणि भोक पडलं.

अंजनाला वाटलं, संपलं सगळं. मुलींचे प्रयोग गेले, आणि ते आपणच घालवले. एकाच घरातली माणसं म्हणताना कोणाला हात लावायचा नाही, हे सांगायचंच राहून गेलं होतं. तिला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

“मावशी, मी आधी सांगायला हवं होतं. माझं चुकलं.”

हरणाबाई पदर हातात धरून उभी होती. भोकातून तिला पलीकडचं आरपार दिसत होतं. मग मघाचं बोट, जिभेवर जाणारं, डोळ्यांपुढं धरून कितीतरी वेळ पाहिलं.

“जीभच गेली असती माजी,” ती हळूच म्हणाली. मग आवाज चढला. “आवं, मी एवढी घोडी झाले आन् चाखाय निघाले! का? तर कुनी शिकवलंच न्हाई. चिंच कंची आन् तेजाब कंचं, ह्ये माज्या पोरीला कवा कळायचं? शिवण करून?”

तिनं दारातल्या गर्दीत नजर टाकली.

“रंगे! भाईर काय हुबी हायस? ये आत. बाई सांगतील तसं धर. आन् जीभ लावलीस तर तंगडं मोडीन.”

रंगू धावत आली. तिच्या मागून महेजबीन आली. अंजनानं डोळे पुसले, सगळ्यांना चार पावलं मागं सरकायला लावलं आणि नवी कांडी काढली.