बयाचे राहिलेले सोमवार

रूळ बदलताना माझा गुडघा दबला, तेव्हा माझ्या बायकोने, बयाने, सोळा सोमवार धरले. मी पुन्हा रेल्वेच्या गँगमध्ये कामाला उभं राहावं, एवढंच तिचं मागणं होतं. मी उभा राहिलो. पुढे पावसाळ्याच्या अखेरीस तीच तापाने गेली आणि तिचे पाच सोमवार राहिले. गुरव म्हणाला, नवऱ्याने पुरे केले तरी चालतात. मी ठरवलं, करायचेच.

सोमवारी दिवसभर फक्त पाणी, जेवण संध्याकाळच्या पूजेनंतर. उपाशी माणूस ढिला पडतो असं कुणी म्हणू नये, म्हणून पहिल्याच सोमवारी पहाटे तालमीत रोजच्या दुप्पट बैठका मारल्या आणि खंडाळ्याच्या बाजूला कामावर गेलो.

वळणावर गेणू लाल बावटा घेऊन उभा होता. गाडी दिसली की ओरडायचं, एवढंच त्याचं काम. अंगाने काटकुळा, तोंडाने दांडगा.

"कोंडाजी, तोंड का सुकलंय रं?"

"सोमवार हाय."

"तो आमालाबी हाय. आमी भाकर खाऊन आलो."

दुपारी रूळ उचलायला घेतला. चिमटे लावून सगळ्यांनी एकदम उचलायचा असतो. एकाने भार सोडला तर तो दुसऱ्याच्या पायावर येतो. चार पावलं गेलो आणि माझ्या मांड्या लटपटल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली. रूळ माझ्या बाजूने खाली आला. पुढचा माणूस उडी मारून बाजूला झाला म्हणून त्याचा पाय वाचला.

दत्तोबा मुकादम शिव्या देत नसत. त्या दिवशीही दिल्या नाहीत. म्हणाले, "तुजा उपास तुज्यासाठी. त्यानं दुसऱ्याचा पाय मोडायचा का? फुडल्या सोमवारी जेवून ये, न्हाईतर येऊ नगंस."

न येणं परवडणारं नव्हतं. कामावर गेलो नाही, तर बयाने जे मागितलं तेच मोडलं. जेवून गेलो, तर तिचा सोमवार मोडला.

शेजारची सरुबाई बयाबरोबर भाताच्या लावणीला जायची. संध्याकाळी ती माझी चूल पेटली का बघायला आली. तिला घडलेलं सांगितलं.

"एवढ्या बैठका कुणी सांगितल्या व्हत्या, भावजी?"

"मग बया कशी करायची? उपास धरून दिवसभर लावणी?"

"लावणी कुटं करायची ती सोमवारी? रोपं उपटून पेंढ्या बांधायची, बसून. वाकून लावायचं काम आमी करायचो. माज्या एकादशीला ती वाकायची, मी बसायची. तुमाला न्हाई सांगितलं तिनं?"

तिने सांगितलं असेल. बायकांचं बोलणं म्हणून मी ऐकलं नसेल. दर सोमवारी ती चिखलात वाकून राबते, असंच मी धरून चाललो होतो.

माझा गुडघा बरा होत होता तेव्हा दत्तोबांनी मला बावटा देऊ केला होता. तो दुबळ्याचा म्हणून मी नको म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मीच तो मागायला गेलो.

"सोमवारपुरता बावटा द्या. माझ्या जागी गेणू उचलंल."

"मी?" गेणू किंचाळला. "उपास तुजा आन् घाम माजा?"

"रोज सांजच्याला तालमीत चल. मी तयार करतो तुला."

"म्हंजी बैठकाबी माज्याच! आरं, देवाला तू पुजणार का मी?"

सगळे हसले. दत्तोबाही हसले, पण म्हणाले, "शनिवारी मी बघंन. जमलं त्याला, तर सोमवारी बावटा तुजा."

शनिवारपर्यंत गेणूला सोडलं नाही. त्याच्या घरी जाऊन त्याला तालमीत आणायचो. तो बयाच्या नावाने कुरकुरायचा, "वैनी, बघा तुमचा न्हवरा!" आणि खाली बसायचा. वर उठताना माझा हात धरायचा. मला ते बरं वाटायचं. घरात तिचं नाव घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

शनिवारी गेणूने भार सोडला नाही.

सोमवारी मी वळणावर उभा राहिलो. पोट पाठीला लागलं होतं, पण बावटा हलला नाही. दोनदा गाडी आली, दोनदा वेळेवर ओरडलो. खाली गेणू चिमटा धरून दातओठ खात होता. असेच पुढचेही गेले.

शेवटच्या सोमवारी सरुबाईने चुरमा करायला शिकवलं. त्याचे तीन वाटे करतात, एक देवाला, एक लोकांना, एक घरच्यांना. लोकांचा वाटा गँगमध्ये वाटायला नेणार होतो, पण गेणू देवळाबाहेरच उभा.

"मला जास्त दे. निम्मा उपास माज्या मांड्यांनी केलाय."

"घे."

त्याने तोंडात टाकला आणि थांबला. "तूप लय कमी घातलंस. वैनीनं गेल्या साली गणपतीला केलेला खाल्लाय मी."

"व्हय," मी म्हणालो. "तिच्यासारखा न्हाई झाला."

घरचा वाटा घेऊन घरी आलो. घरचा म्हणून आता मीच. चुलीपुढे तिच्या पाटाशेजारी बसलो आणि सगळा खाल्ला, ताटात काही ठेवलं नाही. सकाळी भाकरी बांधून कामावर गेलो. वळणावर गेणूच्या हातात बावटा दिला आणि खाली जाऊन चिमटा धरला.